कावेरीच्या वाळूतील धडे
सर आर्थर कॉटन : एका इंग्रज कालवेकाराची कारकीर्द

आमची दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते आणि नगर हवेलीतून पश्चिमेची वाट धरून दमणपाशी समुद्रास मिळते. तिच्या उगमापासून फार दूर नसलेल्या ब्रह्मगिरीवर, त्र्यंबकेश्वरी, गोदावरीचा जन्म होतो. परंतु ती पूर्वेकडे तोंड करते आणि समुद्र गाठण्यासाठी सुमारे चौदाशे पासष्ट किलोमीटर चालत राहते. एकाच पर्वताच्या दोन उतारांवरचे हे पाणी. पश्चिमेकडील पाणी अडवून कालव्यांत घालण्याचे काम आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले. मधुबन धरण झाले, वारली-कोकणांची घरे-शेते पाण्याखाली गेली, आणि सिल्वासा, दमण व वलसाड जिल्हा यांच्या दारी कालवे आले. पूर्वेकडील पाण्याच्या वाटेवर, राजमहेंद्रीच्या खाली, हेच काम आपल्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षे एका इंग्रज अभियंत्याने केले. त्याचे नाव आर्थर कॉटन.

आंध्रात हे नाव लहान मुलासही ठाऊक असते. महाराष्ट्रात आणि आम्हा सीमेवरच्या मराठी मंडळींत मात्र ते क्वचितच ऐकू येते. याचे आम्हांस नवल वाटते, कारण कॉटनने गोदावरीवर जे केले त्याचे शिक्षण त्याला गोदावरीवर मिळाले नव्हते. ते मिळाले तंजावरास. आणि तेही तंजावरच्या गादीवर भोसल्यांचे वंशज बसलेले असताना. या अभियंत्याची कारकीर्द वाचकांपुढे ठेवताना म्हणूनच आम्ही तंजावरच्या मुक्कामी अंमळ अधिक रेंगाळणार आहोत.

प्रथम थोडे त्याच्या मायदेशाविषयी. इंग्लंडात कालव्यांचे युग कॉटनच्या जन्मापूर्वी सुमारे चाळीस वर्षे सुरू झाले होते. जेम्स ब्रिंडली (१७१६–१७७२) नावाचा एक गिरण्या दुरुस्त करणारा कारागीर, ज्याला धड लिहिताही येत नव्हते, त्याने ब्रिजवॉटरच्या ड्यूकसाठी वर्स्ली येथील कोळशाच्या खाणींपासून मँचेस्टरकडे कालवा खणला. १७६१ मध्ये बार्टन येथे अर्वेल नदीवर कमानी उभारून त्यांवरून त्याने तो कालवा पलीकडे नेला, तेव्हा नदीच्या डोक्यावरून चालणाऱ्या नावा पाहण्यास लोकांची रीघ लागली. मँचेस्टरात कोळसा निम्म्या भावाने मिळू लागला. पाणी झिरपू नये म्हणून माती आणि वाळू पाण्यात मळून कालव्याच्या तळाशी थापण्याची कला ब्रिंडलीने इतकी साधली होती, की पुढील अर्धशतकातील इंग्रज कालवे बहुतांशी त्याच रीतीने बांधले गेले. परंतु हे सारे कालवे नावांसाठी होते. इंग्लंडात पाऊस बारमाही. शेताला पाणी पाजण्याची गरज तेथे कोणाला भासावी? कालवा म्हणजे वाहतुकीचा रस्ता, ही समजूत घेऊनच त्या देशातील अभियंते हिंदुस्थानात उतरत असत.

आर्थर कॉटनचा जन्म १५ मे १८०३ चा. घरी भावंडांची मोठी फौज, तो दहावा मुलगा. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८१८ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या अॅडिसकोम येथील लष्करी विद्यालयात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची मद्रास इंजिनियर्स या तुकडीत नेमणूक झाली. वेल्स प्रांतात सरकारी नकाशांच्या मोजणीचे थोडे काम करून १८२१ मध्ये तो मद्रासेस पोहोचला. १८२२ मध्ये त्याला मिळालेली कामगिरी रामेश्वराच्या यात्रेकरूंना परिचित अशा जागेची होती. पांबनच्या उथळ सामुद्रधुनीतून मोठी गलबते नेता येतील काय, याची मोजणी त्याने केली. लंकेला वळसा घालण्याचा त्रास वाचावा हा हेतू. पुढे ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धात (१८२४–२६) तो लढला आणि परतल्यावर, १८२८ मध्ये, कावेरीच्या पाण्याची चौकशी करण्याचे स्वतंत्र काम त्याच्याकडे आले. त्या वेळी त्याचे वय पंचवीस होते.

तंजावरची त्या काळची स्थिती वाचकांनी ध्यानी घ्यावी. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०–८० च्या दशकात स्थापिलेले हे राज्य १७९९ च्या तहाने नावापुरते उरले होते. दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर एवढाच अधिकार राहिला. बाकी मुलखाचा कारभार कंपनीने घेतला. मोबदल्यात राजांना वर्षाला एक लाख पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि मुलखाच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. सरफोजीराजांनी याच काळात सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख १८०३ मध्ये कोरविला, हे सर्वश्रुत आहे. पण त्या ‘पाचव्या हिश्श्या’कडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तंजावरचा महसूल म्हणजे भाताचे पीक, आणि भाताचे पीक म्हणजे कावेरीचे पाणी. ग्रंथ, पंडित, गवई, वाड्यातील मराठी मानकरी या सर्वांचा निर्वाह अखेरीस त्या नदीच्या लहरीवर लटकत होता. (आमच्याकडेही याच सुमारास असाच एक कागद झाला होता. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांस बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली, आणि त्यातूनच पुढे नगर हवेली त्यांच्या हाती गेली. महसुलाच्या आकड्यांत माणसांची नशिबे कशी बांधली जातात, हे आम्हांस निराळे सांगावयास नको.)

आणि ती नदी तंजावरास सोडून चालली होती. कसे, ते जरा समजावून घेतले पाहिजे.

तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबू येथे कावेरीचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडचा फाटा कावेरी हेच नाव घेऊन तंजावरच्या शेतांकडे जातो. उत्तरेकडचा कोळ्ळिडम, ज्याला इंग्रज कोलरून म्हणत, तो अधिक सरळ व अधिक उताराचा असल्यामुळे समुद्राकडे धाव घेतो. या दोहोंच्या मध्ये श्रीरंगमचे बेट. बेटाच्या खालच्या टोकाशी दोन्ही प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात, आणि तेथे कोळ्ळिडमचे पात्र कावेरीच्या पात्राहून कितीतरी खाली असते. पाण्याचा स्वभाव सर्वांस ठाऊक आहे. त्याला सखल वाट दिसली की ते तिकडे जाते. कोळ्ळिडम वर्षानुवर्षे खोल होत गेला, कावेरीच्या तोंडाशी वाळूचे थर साचत गेले. पुरात पाणी फुकट समुद्राला जाई, आणि रोपे लावण्याच्या दिवसांत कावेरीचे पाट कोरडे राहत. कॅप्टन कॉल्डवेल याने १८०४ मध्येच या अरिष्टाकडे लक्ष वेधून उपाय सुचविले होते. पुढे दरवर्षी हजारो मजूर लावून वाळू उपसण्याचा क्रम चालू राहिला. पुढच्या पुरात ती वाळू पुन्हा येई. काठचे शेतकरी जमिनी पडीक टाकू लागले.

बेटाच्या खालच्या टोकाशी, जेथे कावेरी कोळ्ळिडममध्ये कोसळण्याचा धोका सर्वांत मोठा, तेथे एक जुना बांध उभा होता व आजही आहे. तमिळ लोक त्याला कल्लणै, म्हणजे दगडी बांध, म्हणतात. करिकाल चोळ राजाने तो बांधला अशी परंपरा असून त्याचे वय अठराशे-एकोणीसशे वर्षे मानले जाते. लांबी सुमारे एक हजार ऐंशी फूट, रुंदी चाळीस ते साठ फूट, आणि आकार सापासारखा वळणाचा. कॉटनला या बांधाची गोडी लागली, यात काही नवल नाही. नवल आहे ते त्याने त्यातून जे शिकून घेतले त्याचे.

युरोपीय अभियंत्याच्या दृष्टीने हा बांध उभाच राहावयास नको होता. नदीचे पात्र म्हणजे नुसती वाळू, खाली कोठवर खडक नाही. पक्क्या पायाशिवाय इमारत नाही हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम. मग हे दगड दीड-दोन हजार वर्षे जागचे हलले कसे नाहीत? त्याचे उत्तर समुद्रकिनारी वाढलेल्या कोणासही देता येईल. दमणच्या चौपाटीवर लाटेच्या पाण्यात आपण स्तब्ध उभे राहिलो, तर परतणारे पाणी पावलांखालची वाळू ओढून नेते आणि पाय हळूहळू आत रुततो. काही वेळाने मात्र रुतणे थांबते आणि पाय घट्ट बसतो. चोळांच्या कारागिरांनी मोठमोठे दगड नदीत टाकले. पाण्याने त्यांच्या बुडाची वाळू ओढली तसे ते खाली बसत गेले. वर आणखी दगड टाकले. असे करीत, जेथून पुढे दगड खाली जाईना तेथे पाया आपोआप तयार झाला. त्यावर चिखलमातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांचा गाभा आणि बाहेरून चुन्यात बसविलेले दगड. नदीशी झुंज न घेता नदीकडूनच पाया घालून घेतला, असे म्हटले तरी चालेल.

खोल वाळूत पाया कसा धरावा हे आम्ही या देशातील लोकांकडून शिकलो, असे कॉटनने पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्या काळच्या साहेबाकडून ही कबुली मिळणे सोपे नव्हते. आम्हांस तर वाटते की त्याच्या साऱ्या मानमरातबापेक्षा ही कबुली त्याची मोठी ओळख आहे. तंजावर भागातील गवंड्यांकडून त्याने आणखी एक विद्या उचलली, ती वाळूत विहिरी उतरविण्याची. विटांची पोकळ विहीर वाळूवर उभी करावयाची, आतून वाळू उपसावयाची, म्हणजे ती आपल्याच भाराने खाली जाते. पुरेशी खोल गेली की दगड-चुन्याने भरून टाकावयाची. अशा विहिरींच्या रांगेवर भिंत उठविली की वाळूच्या पात्रातही बांधकाम टिकते. आज आपल्या देशातील कितीतरी मोठे पूल याच तत्त्वावर उभे आहेत.

प्रारंभी, १८३० च्या सुमारास, कल्लणैमध्येच खालून वाळू वाहून जावी अशी द्वारे पाडण्यात आली. त्याच सुमारास कॉटन आजारी पडून मायदेशी गेला. परतल्यावर त्याने मांडलेली योजना धाडसाची होती. कावेरीच्या तोंडची वाळू उपसत बसण्याऐवजी कोळ्ळिडमच्याच तोंडाशी आडवा बंधारा घालावा, म्हणजे हवे तेवढे पाणी कावेरीत वळेल आणि पुराचे पाणी बंधाऱ्यावरून कोळ्ळिडममध्ये निघून जाईल. १८३६ मध्ये मुक्कोंबूचा हा ‘अप्पर अॅनिकट’ उभा राहिला. त्याची लांबी सुमारे साडेसातशे यार्ड, मध्ये दोन बेटे, खाली विहिरींचा पाया. त्याच वर्षी कोळ्ळिडमवर पुष्कळ खाली, अणैक्करै येथे, दुसरा ‘लोअर अॅनिकट’ झाला. ‘अॅनिकट’ हा शब्द इंग्रजीत तमिळ ‘अणैक्कट्टु’वरून गेला आहे. विद्येबरोबर शब्दही त्यांनी इथलाच उचलला!

परिणाम इतका झटपट दिसला की उलटाच प्रश्न उभा राहिला. कावेरीत आता पाणी जास्त येऊ लागले, तिचे पात्र खरवडले जाऊ लागले आणि कोळ्ळिडमच कोरडा पडेल की काय अशी भीती निर्माण झाली. मग पुढील दशकात कावेरीच्या तोंडाशीही तळातून आडवी भिंत घालून दोहोंचा तोल साधावा लागला. नदीला एके ठिकाणी हात लावला की ती दुसरीकडे उत्तर देते. कॉटन आणि त्याचे सहकारी हा धडा त्या दहा वर्षांत शिकले. एकंदरीत मात्र तंजावरचे भाताचे पीक सावरले आणि महसूल चढत गेला.

त्या चढत्या महसुलाचे पुढे काय झाले, हे मराठी वाचकाने विसरू नये. सरफोजीराजे १८३२ मध्ये निवर्तले होते. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे यांच्या काळात पाचव्या हिश्श्याचा ओघ सुरू राहिला, पण १८५५ मध्ये तेही पुत्रसंतानाविना वारले, आणि डलहौसीच्या राजवटीत राज्य खालसा झाले. राणी कामाक्षीबाईंनी खासगी मालमत्तेसाठी दावा लावला. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यश आले, परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये, ही राज्यकर्त्यांची कृती असून न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा निकाल दिला. कावेरीचे पाणी सावरले, पण त्याचा धनी बदलला. याचा दोष कॉटनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि कंपनी सरकारने बंधाऱ्यांवर पैसा सोडला तो तंजावरच्या कुणब्याच्या प्रेमाने सोडला, असेही कोणी समजू नये. सरकारी कागदांत बंधाऱ्यांचा हिशेब खर्च किती व उत्पन्न किती असाच मांडला जात असे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे आयुष्यभर रेल्वेच्या विरोधात लेखणी झिजविणाऱ्या या गृहस्थाने हिंदुस्थानातील अगदी पहिल्या लोहमार्गांपैकी एक स्वतः घातला होता. मद्रासजवळच्या रेड हिल्स येथून रस्त्यांसाठी दगड आणावयास १८३७ मध्ये जो रूळमार्ग चालू झाला तो कॉटनचा. बोरीबंदर-ठाणे गाडी धावावयास अजून सोळा वर्षांचा अवकाश होता!

यानंतर प्रकृती खालावल्यामुळे तो टास्मानियाकडे गेला, तेथेच १८४१ मध्ये त्याचा विवाह झाला, आणि परत आला तो गोदावरीच्या काठी.

गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशाची त्या वेळी दैना झाली होती. १८३२–३३ चा दुष्काळ गुंटूर भागात इतका भीषण होता की रस्त्यांवर प्रेते पडली. पाठोपाठ १८३९ मध्ये समुद्राचे वादळ येऊन शेते खारी झाली. १८२१ मध्ये सात लाखांहून अधिक असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १८४१ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास उतरली होती. आणि हे सारे हिंदुस्थानातील एका महानदीच्या काठी! पाणी डोळ्यांसमोरून समुद्राला जात होते आणि काठावर माणसे अन्नावाचून मरत होती. कॉटनने १८४० च्या दशकाच्या मध्यास सरकारला सादर केलेल्या अहवालात तंजावरचा दाखला ठेवला. तेथे पाणी आहे म्हणून माणसे आहेत, येथे पाणी असून माणसे जात आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

१८४७ मध्ये धवळेश्वरम येथे काम सुरू झाले. बेटे धरून नदीचा पसारा तेथे सुमारे चार मैलांचा. त्यात प्रत्यक्ष बंधारा सव्वादोन मैलांच्या आसपास, चार तुकड्यांत. जागा निवडली ती काठावर दगडाची टेकडी आहे हे पाहून. तो दगड नेण्यास पुन्हा रूळ घातले गेलेच. पाया मात्र वाळूचाच, आणि युक्ती कावेरीचीच. विहिरी, त्यांवर भिंत, आणि खालच्या अंगास सैल दगडांचा भला थोरला उतार, जो पुराने खचला तर वरून आणखी दगड टाकून भरावयाचा. कॉटनने मागितले होते त्याहून फारच थोडे अधिकारी त्याला मिळाले, तेही बहुतेक नवशिके. १८४८ मध्ये उन्हाने तो पुन्हा अंथरुणास खिळला आणि रजेवर गेला; त्याच्या पश्चात कॅप्टन ऑर याने काम पुढे रेटले. विणेम वीरण्णा या देशी सहकाऱ्याने हजारो मजुरांची जुळवाजुळव केली. त्यांचे नाव तेथील लोकांनी आजवर जपले आहे, हे आम्हांस विशेष वाटते. एरवी अशा कामांत साहेबांची नावे दगडावर आणि इतरांची वाऱ्यावर असाच प्रघात. १८५२ मध्ये बंधारा पूर्ण झाला. गन्नवरम येथे चाळीस फुटी एकोणपन्नास कमानींवरून कालवा नदीच्या फाट्यापलीकडे नेण्याचे काम हेग नावाच्या तरुण लेफ्टनंटाने तडीस नेले. बार्टनच्या कमानींची आठवण व्हावी असे ते काम आहे, फक्त त्यावरून कोळशाबरोबर भाताचे पाणी जात होते.

‘बरोबर’ हा शब्द आम्ही जाणून वापरला. कॉटनच्या मनातून इंग्लंडचा कालवा कधीच गेला नाही. एकाच कालव्याने शेत भिजवावे आणि नावाही चालवाव्यात, हा त्याचा ध्यास होता, आणि गोदावरीच्या कालव्यांत त्याने दारांची कुलपे बसवून तो साधलाही. १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील सार्वजनिक बांधकामांविषयीच्या पुस्तकात त्याने रेल्वेवर उघड हल्ला चढविला. रेल्वे महाग, ती धान्य वाहून नेईल, पण पिकविणार नाही. कालवा स्वस्त, तो पिकवील आणि वाहूनही नेईल. १८५७ नंतर सरकारला सैन्य हलविण्याची घाई होती, आणि विलायतेतील भांडवलदारांस रेल्वेवर पाच टक्के व्याजाची हमी मिळत होती. तेव्हा हा युक्तिवाद कोणाच्या कानी जाणार? १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यांत लक्षावधी माणसे दगावली, रेल्वे असूनही दगावली. त्यानंतर १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे पंचाहत्तर वर्षांच्या कॉटनने पुन्हा हाच मुद्दा मांडला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच्या बाजूने होत्या. समितीचे मन वळले नाही.

परंतु कॉटनचे सर्वच खरे होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पाणी आणि नावा यांचा मेळ जमविणे त्याला वाटले तितके सोपे नव्हते. शेताला पाणी लागते ते वाहते, हंगामी, आणि फाट्याफाट्याने वाटून संपणारे. नावेला लागते ते संथ, बारमाही, आणि शेवटपर्यंत खोल. त्रिभुज प्रदेशाच्या सपाटीवर ही तडजोड चालली. त्याच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मद्रास इरिगेशन कंपनीने तुंगभद्रेवर सुंकेसुला येथून कर्नूल-कडप्पा कालवा काढला, तेथे ती चालली नाही. दहा लाख पौंडांच्या भांडवलावर सरकारी हमी, सुमारे एकशे नव्वद मैलांचे काम, १८७१ मध्ये ते पुरे झाले. आणि शेतकरी पाणी घेईनात. तेथील काळी जमीन बऱ्या पावसाच्या वर्षी ओलावा धरून ठेवते, ज्वारी-कापूस पिकतो. पाणीपट्टी भरून वरचे पाणी कशाला? दुष्काळ पडला की मात्र सारे त्याच कालव्याकडे धावत. असा गिऱ्हाईकांवर धंदा चालत नाही. अखेर १८८२ मध्ये सरकारने तो कालवा विकत घेतला. कॉटनने तंजावरच्या भातखाचरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधला, हे त्याचे चुकले असे आमचे मत आहे. भातवाला कुणबी आणि ज्वारीवाला कुणबी यांची पाण्याची तहान निरनिराळी असते, हे आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्याने त्याला सांगितले असते.

महाराष्ट्राच्या पठारावर तर निराळेच तंत्र लागले. तेथे नद्या पावसाळा सरताच आटतात. बंधाऱ्याने पाणी वळविण्यापूर्वी ते साठवावे लागते. म्हणून पुण्याजवळ मुठेवर कर्नल फाइफ याने खडकवासल्याचे दगडी धरण बांधले, ते १८७९ च्या सुमारास पुरे झाले. त्याच धरणावर पुढे विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसविले. आमचे मधुबन धरण त्या घराण्यातले. कॉटनच्या घराण्यातले नव्हे.

तरी कॉटनचे एक स्वप्न दमणगंगेपर्यंत येऊन पोहोचले आहे. देशातील नद्या कालव्यांनी एकमेकींस जोडाव्यात, ही कल्पना त्याने एकोणिसाव्या शतकात हिरिरीने मांडली होती. त्याच्या मनात अर्थात नावांचा मार्ग होता. आज नद्याजोडणीचा विचार पाण्याच्या वाटपासाठी होतो. दमणगंगेचे जादा पाणी पिंजाळ नदीवाटे मुंबईकडे नेण्याच्या प्रकल्पाचा सविस्तर अहवाल २०१४ मध्ये तयार झाला, आणि दमणगंगा-वैतरणेचे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात टाकण्याचीही योजना चर्चेत आहे. पुन्हा डोंगराळ गावे पाण्याखाली जाण्याचा प्रश्न आहे, आणि तेथील आदिवासींचा विरोधही आहे. कॉटनपुढे हा प्रश्न आला नव्हता. त्याचे बंधारे बुटके होते, त्यांनी नदीला वळविले, गावे बुडविली नाहीत. आपल्या पिढीला ती सवलत नाही.

१८६० मध्ये कॉटन सेवानिवृत्त झाला, १८६१ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतरही ओरिसातील कालव्यांच्या योजना, पत्रव्यवहार, व्याख्याने हे चालूच राहिले. उतारवयात डॉर्किंग येथील आपल्या घरी जमीन खोल खणून गहू अधिक कसा पिकेल याचे प्रयोग तो करीत बसे. २४ जुलै १८९९ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. मुलगी एलिझाबेथ, म्हणजे लेडी होप, हिने विल्यम डिग्बी यांच्या साहाय्याने त्याचे चरित्र लगेचच १९०० मध्ये प्रसिद्ध केले. धवळेश्वरमच्या जुन्या बंधाऱ्याची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या बॅरेजने घेतली, त्यालाही कॉटनचेच नाव दिले गेले, आणि शेजारी त्याचे संग्रहालय आहे. गोदावरीच्या स्नानसंकल्पात काही उपाध्याय त्याचे नाव घेतात असे तेथील लोक आवर्जून सांगतात.

तंजावरास सरस्वती महाल पाहावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी एक दिवस नदीसाठी राखून ठेवावा. तिरुचिरापल्लीहून मुक्कोंबू पश्चिमेस आणि कल्लणै पूर्वेस, दोन्ही तासाभराच्या आत. मुक्कोंबूच्या जुन्या कामाचा काही भाग आता दिसणार नाही. २२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री कोळ्ळिडमला आलेल्या पुरात त्याचे नऊ दरवाजे वाहून गेले, आणि शेजारी नवा बंधारा बांधावा लागला. त्याच पुरात कल्लणै जागच्या जागी होता. अणैक्करैचा बंधारा थोडा लांब, कुंभकोणमच्या वाटेने जावे लागते. त्याच्यामुळे भरणाऱ्या वीराणम तलावातून २००४ पासून चेन्नई शहराला पिण्याचे पाणी जाते. ऑगस्टात गेल्यास कावेरी भरलेली दिसेल. उन्हाळ्यात गेल्यास पात्रातील वाळू दिसेल, आणि या लेखातील अर्धी गोष्ट त्या वाळूतच आहे.